सात इंच सरकलेला पूल

पडलेला तुकडा १५ मीटर लांब आणि २३ मीटर रुंद होता. ज्या पुलाचा तो भाग होता, तो पूल सात किलोमीटरच्या आसपास लांबीचा. वजनाच्या हिशेबाने सुमारे २३० टन खाली आले, बाकी सगळं जागच्या जागी उभं राहिलं. एवढ्या एका तुकड्यापायी पुलाचा निम्मा भाग पुढे पाडून नव्याने बांधावा लागला. त्याला २४ वर्षं आणि ६४० कोटी डॉलर लागले.

सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंड यांना जोडणाऱ्या बे ब्रिजची ही गोष्ट. भूकंपापासून पूल वाचवायचा म्हणजे नेमकं काय वाचवायचं, हे समजून घ्यायला यापेक्षा चांगलं प्रकरण माझ्या पाहण्यात नाही. यात बिघाड आहे, दुरुस्ती आहे, राजकारण आहे, आणि शेवटी असा एक प्रसंग आहे की भूकंप न होताच भूकंपासाठी बसवलेले बोल्ट तुटले.

त्या संध्याकाळी काय झालं

१७ ऑक्टोबर १९८९, संध्याकाळी ५ वाजून ४ मिनिटं. लोमा प्रिएटाच्या भूकंपाची तीव्रता ६.९ होती आणि त्याचं केंद्र सांताक्रूझच्या डोंगरात, पुलापासून शंभरेक किलोमीटर दूर. जोराचा हादरा पंधराएक सेकंदांचा. बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना त्याच संध्याकाळी होता आणि दोन्ही संघ खाडीच्या दोन तीरांवरचे, म्हणून बरेच लोक लवकर घरी पोचून टीव्हीसमोर बसले होते. रस्त्यावर नेहमीपेक्षा गर्दी कमी होती. ती नेहमीसारखी असती तर मृतांचा आकडा कुठे गेला असता, याचा विचार न केलेला बरा. भूकंपात एकूण ६३ जणांचा जीव गेला, त्यातला एक बे ब्रिजवर.

पूल दुमजली होता. वरच्या मजल्यावर सॅन फ्रान्सिस्कोकडे जाणारी वाहतूक, खालच्या मजल्यावर ओकलंडकडे जाणारी. मध्ये येरबा ब्यूना नावाचं बेट. बेटाच्या पश्चिमेला झुलते पूल, पूर्वेला पोलादी ट्रसची (त्रिकोणी जाळीच्या सांगाड्यांची) रांग. या पूर्वेकडच्या भागातल्या ई-९ क्रमांकाच्या खांबावर बिघाड झाला.

ई-९ हा साधा खांब नव्हता. त्याच्या पश्चिमेला सुमारे १५४ मीटर लांबीचे मोठे ट्रस संपत होते आणि पूर्वेला ८८ मीटरचे लहान ट्रस सुरू होत होते. दोन्हींची लांबी वेगळी, वजन वेगळं, हलण्याची लयही वेगळी. त्या दोहोंमधली फट बुजवायला खांबाच्या माथ्यावर रस्त्याचा एक छोटा तुकडा टाकलेला होता. उन्हाने पोलाद वाढतं, थंडीने आखडतं, म्हणून अशा तुकड्याचं एक टोक मोकळं ठेवतात: ते नुसतं एका अरुंद बैठकीवर टेकलेलं असतं, पुढेमागे सरकायला मोकळं. १९३६ सालच्या अभियंत्यांनी हेच केलं होतं, आणि तापमानाच्या हिशेबाने ते बरोबर होतं.

हादऱ्यात ई-९ वरचे, पूर्वेकडच्या ट्रसला धरून ठेवणारे बोल्ट कातरले गेले. ट्रस मोकळा झाला आणि ओकलंडच्या दिशेने सात इंच, म्हणजे १८ सेंटीमीटर सरकला. बैठक तेवढी रुंद नव्हती. टेकू गेल्यावर वरच्या मजल्याचा तुकडा एका बाजूने सुटला आणि सापळ्याच्या झडपेसारखा खालच्या मजल्यावर आदळला.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की ट्रस मोडला नाही. खांब पडला नाही. पोलादाची ताकद कुठेही कमी पडलेली नव्हती. दोन ताकदवान वस्तू एकमेकींपासून जरा दूर गेल्या, एवढंच झालं. पूल मोडण्यापेक्षा सुटण्याची भीती जास्त असते, हे पुलांच्या कामातल्या जुन्या माणसांना ठाऊक असतं, पण नकाशावर सांधा एका बारीक रेघेने दाखवलेला असतो आणि नजर गर्डरच्या जाड रेघेवरच खिळते.

बैठक अरुंद का होती

हा पूल १२ नोव्हेंबर १९३६ रोजी खुला झाला, गोल्डन गेटच्या सहा महिने आधी. मुख्य अभियंता चार्ल्स पर्सेल. त्या काळात भूकंपाचा विचार झालाच नव्हता असं म्हणणं अन्यायाचं होईल. पुलाच्या वजनाच्या दहा टक्के एवढा आडवा जोर पुलाला सोसता आला पाहिजे, असं धरून त्याची रचना केली होती. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपाची आठवण तेव्हा ताजीच होती.

चूक कुठे होती, याबद्दल माझं मत असं: भूकंप म्हणजे पुलाला आडवं ढकलणारा एक जोर, एवढंच त्या पद्धतीत धरलं जाई. जोर सोसला की काम झालं. पण जमीन हलते तेव्हा प्रश्न दुसराही असतो: कोण किती सरकेल? दोन शेजारचे ट्रस एकाच दिशेने, एकाच वेळी, सारखंच सरकतील याची काहीच खात्री नसते. एक पुढे जात असताना दुसरा मागे येतो. दहा टक्क्यांचा हिशेब या प्रश्नाला हातच घालत नाही. बैठकीची रुंदी ठरली ती उन्हाळा-हिवाळ्याच्या फरकावरून, आणि प्रत्यक्षात तिच्यावर पाळी आली भूकंपाची.

हा धडा कॅलिफोर्नियाला १९७१ मध्येच मिळाला होता. सॅन फर्नांडोच्या भूकंपात लॉस एंजेलिसजवळचे महामार्गांचे पूल असेच बैठकीवरून घसरले. त्यानंतर राज्याने शेजारचे गाळे (दोन खांबांमधले पुलाचे भाग) एकमेकांना पोलादी दोरखंडांनी बांधून टाकण्याची मोहीम काढली. काम स्वस्त होतं, झटपट होणारं होतं आणि पुष्कळ ठिकाणी उपयोगी पडलं.

पण नुसतं बांधून भागत नाही, हेही त्याच १९८९ च्या संध्याकाळी दिसलं. ओकलंडमधल्या सायप्रस स्ट्रीटच्या दुमजली उड्डाणपुलाला १९७७ साली असे दोरखंड लावलेले होते. गाळे एकमेकांना धरून राहिले, मात्र खांबांच्या सांध्यांत सळई अपुरी होती. ती जागा फुटली आणि सुमारे दोन किलोमीटर लांबीचा वरचा मजला खालच्यावर बसला. ४२ माणसं तिथे गेली. उड्डाणपुलाचा जो भाग खाडीच्या मऊ गाळावर होता तो पडला, टणक जमिनीवरचा उभा राहिला. मऊ गाळ हादरा वाढवतो, हे त्या एका रस्त्याच्या लांबीत डोळ्यांनी दिसत होतं.

म्हणजे एक दुवा घट्ट केला की ताण निमूटपणे पुढच्या दुव्याकडे जातो. पुढचा दुवा कोणता, हे आधी तपासलेलं नसेल तर मजबुतीकरणाने फक्त तुटण्याची जागा बदलते.

जाता जाता वादळ आणि त्सुनामीबद्दलही इथेच सांगतो, कारण रोग तोच आहे, फक्त दिशा वेगळी. २९ ऑगस्ट २००५ च्या कत्रिना वादळात न्यू ऑर्लिन्सजवळ पाँचरट्रेन सरोवरावरच्या जुळ्या पुलाचे काँक्रीटचे गाळे शेकड्यांनी जागचे हलले, कित्येक पाण्यात पडले. ते खांबांवर मुख्यतः स्वतःच्या वजनाच्या भरवशावर बसवलेले होते. पाणी गाळ्यांच्या पोटापर्यंत चढलं, गर्डरांच्या मध्ये हवा कोंडली, गाळे हलके झाले, आणि वरून लाटांचे तडाखे. शेकडो टनांचा गाळा बैठकीवरून उचलला जाऊ शकतो, हे रचनेत कुणी धरलेलंच नव्हतं. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत जपानमधल्या मिनामीसानरिकू इथल्या उतात्सू पुलाचे गाळे वाहून गेले आणि खांब बहुतेक उभेच राहिले. पाँचरट्रेनवरचा नवा पूल पाण्यापासून सुमारे नऊ मीटर उंच नेला, म्हणजे लाट पोटाला लागूच नये. भूकंपाला मात्र असं उंच जाऊन चुकवता येत नाही.

एक महिना आणि चोवीस वर्षं

पडलेल्या तुकड्याची दुरुस्ती महिन्याभरात झाली. १८ नोव्हेंबर १९८९ ला पूल पुन्हा सुरू. रोज अडीच लाखांहून जास्त गाड्या ज्यावरून जातात तो पूल बंद ठेवणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

खरा प्रश्न त्यानंतर सुरू झाला. शंभर किलोमीटरवरच्या भूकंपाने ही अवस्था केली, तर जवळच्या भूकंपाने काय होईल? पुलाच्या एका बाजूला सॅन अँड्रियास प्रस्तरभंग (जमिनीच्या पोटातली भेग), दुसऱ्या बाजूला हेवर्ड प्रस्तरभंग, आणि हेवर्ड तर पूर्वेकडच्या टोकापासून काही किलोमीटरवर. राज्यपालांनी जॉर्ज हाउसनर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ नेमलं. भूकंप-अभियांत्रिकीतलं त्या काळचं ते सगळ्यात वजनदार नाव. मंडळाच्या अहवालानंतर राज्यातल्या मोठ्या टोल-पुलांची एकेक करून तपासणी झाली.

बे ब्रिजच्या दोन भागांचा निकाल वेगवेगळा लागला. पश्चिमेकडचे झुलते पूल खडकावर रुजलेले होते आणि झुलता पूल मुळात लवचीक, त्यामुळे ते मजबूत करायचे ठरले. जुने रिव्हेट काढून जागोजाग उच्च ताकदीचे बोल्ट घातले, नवं पोलाद जोडलं, आणि मोक्याच्या जागी डॅम्पर बसवले. डॅम्पर म्हणजे गाडीच्या शॉक-अ‍ॅब्सॉर्बरचा थोरला भाऊ: जाड द्रव बारीक छिद्रांतून ढकलला जातो, हालचालीची ऊर्जा उष्णतेत जाते, आणि पूल पुन्हा पुन्हा हेलकावत राहण्याऐवजी लवकर शांत होतो. हे काम २००४ मध्ये आटोपलं. त्याची फारशी चर्चा झाली नाही, आणि चांगल्या कामाची ती खूणच समजायची.

पूर्वेचा भाग अवघड होता. तिथे खडक फार खोल, वर मऊ गाळाचे थर, आणि बरेच खांब त्या गाळात ठोकलेल्या लाकडी पाइल्सवर, म्हणजे लांब सोटांवर उभे. नुसता वरचा सांगाडा मजबूत करून उपयोग नव्हता, पायालाच हात घालावा लागला असता. खर्चाचा हिशेब मांडल्यावर मजबुतीकरण आणि नवा पूल यांतला फरक फार उरेना. १९९७ मध्ये ठरलं की नवाच बांधायचा.

इथून पुढे प्रकरण अभियंत्यांच्या हातून सुटलं असं मला वाटतं. साधा, सरळ, खांबांवरचा पूल सर्वांत स्वस्त पडला असता. पण शेजारी सॅन फ्रान्सिस्कोचं बंदर, पलीकडे गोल्डन गेट, आणि आपल्या बाजूचा पूल ओबडधोबड का असावा, हा ओकलंडकडच्यांचा सवाल. तो रास्तही होता. १९९८ मध्ये एका मनोऱ्याच्या झुलत्या पुलाची निवड झाली. मग मार्ग बेटाच्या कोणत्या अंगाने न्यायचा यावर महापौर आणि नौदल यांच्यासकट सगळ्यांचे वाद. बांधकाम सुरू झालं ते २००२ मध्ये. २००४ साली मनोऱ्याच्या भागासाठी निविदा मागवल्या तर एकच आली, तीही अंदाजापेक्षा कितीतरी जास्त रकमेची. राज्य सरकारने मनोरा काढूनच टाकावा का याचा विचार केला, आणि २००५ च्या कायद्याने अखेर तो ठेवायचं ठरलं. १९९७ चा अंदाज १३० कोटी डॉलरच्या घरात होता. शेवटचा आकडा वर दिलाच आहे. टोलवर एक डॉलर जादा भूकंप-अधिभार लावून वसुली सुरू झाली होती, पुढे टोल आणखी वाढत गेला.

या सगळ्या काळात जुना पूल काम करत होता, तेच ट्रस, तेच लाकडी पाइल्स. भूकंपाने नोटीस दिलेली होती आणि तिची मुदत कुणालाच माहीत नव्हती. २००९ च्या सप्टेंबरात पूल काही दिवस बंद ठेवून बेटाजवळचा एक मोठा गाळा बाजूला सरकवला आणि वाहतूक तात्पुरत्या वळणावर नेली. त्याच बंदमध्ये तपासणी करताना ट्रसच्या एका पोलादी पट्टीत तडा सापडला. घाईघाईने कामचलाऊ कंबरपट्टा घातला. २७ ऑक्टोबरला, जोराचा वारा असताना, तो कंबरपट्टाच सुटून भर वाहतुकीत पडला. सुदैवाने कुणाचा जीव गेला नाही. पूल सहा दिवस बंद.

तो तडा भूकंपाचा नव्हता, वयाचा होता. पण संकटांची अशी वेगवेगळी खाती कागदावरच असतात. वारा, थकवा, गंज आणि हादरा हे एकाच पोलादाला लागतात.

तुटायचं कुठे, हे आधी ठरवणं

नव्या पूर्वभागाची रचना करताना समोर ठेवलेली अट अशी: सरासरी १५०० वर्षांतून एकदा येईल असा हादरा बसला तरी पूल उभा राहिला पाहिजे, आणि थोड्याच वेळात आपत्कालीन गाड्या त्यावरून गेल्या पाहिजेत. पुलाला काहीच इजा होता कामा नये असं कुणी म्हटलं नाही. इजा होईल, पण ती आम्ही सांगू तिथे होईल आणि नंतर बदलता येईल.

घरातला फ्यूज जसा बाकीचं वायरिंग वाचवायला स्वतः वितळतो, तशा जागा पुलात मुद्दाम ठेवल्या. १६० मीटर उंचीचा मनोरा एकसंध नाही. तो चार स्वतंत्र पायांचा आहे आणि पाय एकमेकांना आडव्या जोडतुळयांनी सांधलेले आहेत. मनोरा झुलू लागला की चार पाय एकमेकांच्या तुलनेत वरखाली सरकू पाहतात आणि सगळी ओढाताण या जोडतुळयांवर येते. त्या पिळवटतात, वाकतात, ऊर्जा खातात. पाय शाबूत राहतात. नंतर जोडतुळई काढून दुसरी बसवता येते. मला या पुलातली ही कल्पना सगळ्यात देखणी वाटते, मनोऱ्याच्या आकारापेक्षाही.

मनोऱ्याच्या पूर्वेला काँक्रीटचा लांबलचक पूल आहे. तिथे ई-९ ची जागा पुन्हा समोर येते: दोन लांब भागांमधला सांधा. तिथे आता रस्त्याच्या पोटात सुमारे १८ मीटर लांब आणि १.८ मीटर व्यासाच्या पोलादी नळ्या घातल्या आहेत. एका भागातून दुसऱ्या भागात गेलेली नळी लांबीच्या दिशेने सरकू देते, त्यामुळे ऊन-थंडीची आणि भूकंपाचीही हालचाल मोकळी राहते, पण आडवं किंवा वरखाली होऊ देत नाही. फारच ताण आला तर नळीचा मधला, मुद्दाम कमी ताकदीचा ठेवलेला भाग वाकतो. काही इंचांच्या बैठकीच्या जागी १८ मीटरची नळी आली. सांधा सुटायला आता केवढं अंतर जावं लागेल, ते बघा.

पायाचं काम गाळाने ठरवलं. १६० पोलादी पाइल्स, प्रत्येकीचा व्यास सुमारे २.५ मीटर, ९० मीटरच्या आसपास खोल, आणि बऱ्याचशा तिरक्या ठोकलेल्या. तंबूच्या ताणदोऱ्या तिरक्या असतात त्याच कारणाने.

झुलत्या पुलाच्या दोन्ही टोकांना केबल अडकवायला जमिनीत अवजड नांगर लागतो. इथे पूर्वेकडे नांगराला टणक जमीनच नव्हती. म्हणून केबल रस्त्याच्या तळालाच बांधली: केबल आत ओढते, रस्ता तिला रेटून धरतो, आणि दोघांचं आपसात मिटतं. केबल एकच, १७,३९९ तारांची, पूर्व टोकापासून निघून पश्चिम टोकाला वळसा घालून परत येणारी. हा प्रकार बांधायला त्रासाचा असतो, कारण रस्ता पुरा होईपर्यंत केबलला धरायला काही नसतं आणि केबल नसताना रस्त्याला उचलायला काही नसतं. त्यामुळे आधी खाली एक तात्पुरता पूल उभारावा लागला. भूकंपाच्या दृष्टीने हा प्रकार सर्वोत्तम होता म्हणून निवडला असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तो दिसायला आवडला म्हणून निवडला, आणि मग तो भूकंपात टिकेल असा करून दाखवला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

बत्तीस बोल्ट

आता मार्च २०१३. पूल सप्टेंबरात उघडायचा, तारीख जाहीर झालेली.

मनोऱ्याच्या भागाचं पूर्व टोक ई-२ नावाच्या खांबावर टेकतं. रस्ता आणि खांब यांच्यामध्ये चार बेअरिंग (रस्त्याचं वजन पेलणारे टेकू) आहेत, आणि त्यांच्या जोडीला चार अडसर. हे अडसर म्हणजे पोलादाच्या भल्या मोठ्या खुंट्या. एरवी त्या स्वस्थ बसून असतात. भूकंपात रस्ता आडवा जाऊ लागला की त्या अडवतात आणि जोर खांबात उतरवतात. यांना खांबाशी जखडायला सुमारे तीन इंच जाडीचे लांब आवळबोल्ट लागले, आणि त्यातल्या दोन अडसरांचे ९६ बोल्ट खांबाच्या काँक्रीटमध्ये आधीच गाडलेले होते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ते ताणले, कमाल ताकदीच्या ७० टक्क्यांपर्यंत. त्या क्षणी काही झालं नाही. काही दिवसांनी एकेक बोल्ट तडकून वर उसळलेला दिसू लागला. दोन आठवडे होण्याच्या आत ९६ पैकी ३२ तुटले.

कारण हायड्रोजन. अतिशय कठीण, उच्च ताकदीच्या पोलादात हायड्रोजनचे अणू शिरले की ते ताणाखालच्या जागी गोळा होतात आणि पोलाद काचेसारखं ठिसूळ होतं. आधी वाकणं नाही, लांबणं नाही, थेट तुटणं, आणि तेही उशिराने. हे बोल्ट २००८ मध्ये बनलेले, गंजू नयेत म्हणून जस्ताचा मुलामा दिलेले. बसवल्यावर ताण देईपर्यंत जवळपास पाच वर्षं गेली, आणि तेवढा काळ ते ज्या नळ्यांत बसवले होते त्यांत पाणी साचून होतं. जस्त आणि पोलाद पाण्यात एकत्र आले की हायड्रोजन सुटतो. गंजापासून वाचवायला दिलेला मुलामाच इथे घातक ठरला. एवढ्या कठीण बोल्टना असा मुलामा देण्यातला धोका पुस्तकांत नवा नव्हता.

माझ्या लेखी याहून मोठी चूक वेगळी आहे. ते बोल्ट काढून बदलता येत नव्हते. ते काँक्रीटमध्ये गाडलेले आणि वर रस्ता बसलेला. जोडतुळया बदलता येतील अशा केल्या, नळ्या वाकतील अशा केल्या, आणि त्या सगळ्याला जमिनीशी बांधणारा बोल्ट मात्र असा ठेवला की त्याच्याकडे परत बघताही येऊ नये. फ्यूजचा विचार ज्यांनी इतका बारकाईने केला, त्यांच्याच नकाशात हे राहून गेलं. हे मी त्यांना हिणवायला लिहीत नाही. सांध्याची ती बारीक रेघ सगळ्यांनाच फसवते, आणि १९३६ मध्येही तिनेच फसवलं होतं.

उपाय दोन टप्प्यांत झाला. आधी बेअरिंगच्या फटींत पोलादी पाचरी ठोकून अडसरांचं काम तात्पुरतं बेअरिंगवर सोपवलं. भूकंप त्या काही महिन्यांत आला असता तर बेअरिंगने जोर झेलला असता. त्या भरवशावर पूल २ सप्टेंबर २०१३ ला, ठरल्या सुमारास, खुला झाला. पूल उघडणं लांबवावं की नाही यावर बराच वाद झाला होता, पण न उघडणं म्हणजे लाखो माणसांना आणखी काही महिने त्या जुन्या ट्रसवर ठेवणं, हा युक्तिवाद मला आजही पटतो. अपुऱ्या नव्या पुलाची तुलना निर्दोष पुलाशी करून चालणार नव्हतं, ती जुन्या पुलाशीच करायला हवी होती.

मग त्या दोन अडसरांवर पोलादी खोगिरं चढवली आणि ताणलेल्या केबल्सनी ती खांबाला आवळून टाकली. तुटलेल्या बोल्टची आता गरजच उरली नाही. डिसेंबर २०१३ मध्ये हे काम संपलं, खर्च अडीच कोटी डॉलरच्या आसपास. इतर ठिकाणच्या त्याच जातीच्या बोल्टवर महिनोन्महिने पाण्यात बुडवून, ताण वाढवत नेऊन चाचण्या घेतल्या आणि ते राहू दिले. मनोऱ्याच्या पायथ्याशीही असे ४२४ आवळबोल्ट आहेत. पुढे त्यांच्या नळ्यांतही पाणी निघालं, आणि तोच घोर पुन्हा लागला. त्या नळ्या कोरड्या ठेवणं हे देखभालीचं नवं काम होऊन बसलं.

आज

२४ ऑगस्ट २०१४ च्या पहाटे नापाजवळ ६.० तीव्रतेचा भूकंप झाला. नव्या पुलाला काही झालं नाही, पण ही काही परीक्षा नव्हती. ज्या हादऱ्यासाठी तो बांधला आहे, तो याच्या कित्येक पट मोठा असेल. हेवर्ड प्रस्तरभंगावर शेवटचा मोठा भूकंप १८६८ साली झाला होता.

जुना पूर्वभाग बांधला होता त्याच्या उलट क्रमाने, एकेक तुकडा करत उतरवला. मोठ्या खांबांपैकी ई-३ नोव्हेंबर २०१५ मध्ये पाण्याखाली सुरुंग लावून पाडला, बाकीचे पुढच्या दोन वर्षांत. किनाऱ्यालगतचे काही खांब लोकांना वर जाऊन खाडी बघता यावी म्हणून राखून ठेवले आहेत. ई-९ त्यांत नाही.